आमवात आणि टेन्शन: गोळ्यांच्या जोडीला घरात नेमकं काय करायचं

घरात कुणाला आमवात निघाला, म्हणजे डॉक्टर ज्याला रुमॅटॉइड आर्थरायटिस म्हणतात तो, की दोन वाक्यं हमखास ऐकायला मिळतात. एक, "तू लय टेन्शन घेतीस म्हणून झालंय हे." दुसरं, "टेन्शन घेऊ नको, सगळं बरं हुतंय." पहिल्या वाक्यानं आजारी माणसाच्याच डोक्यावर दोष बसतो आणि दुसऱ्यानं काय करायचं ते काहीच कळत नाही. माझी आक्का शिरोळ तालुक्यात दिलीय, तिला हा आजार आहे, तिला कोल्हापुरात डॉक्टरकडं न्यायचं काम माझ्याकडं असतंय, त्यामुळं वेटिंगमध्ये बसून बाकीच्या पेशंटशी आणि त्यांच्या घरच्यांशी भरपूर बोलणं झालंय आणि सगळीकडं हीच दोन वाक्यं. टेन्शनचा आणि या आजाराचा संबंध खरंच आहे, पण तो कुठं आहे आणि कुठं नाही हे नीट समजलं तरच घरात काहीतरी करता येतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या. खाली जे काही सांगतोय ते गोळ्यांच्या जोडीला आहे, गोळ्यांच्या जागी नाही. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या आतल्या अस्तरावर चालून जाते, अस्तर सुजतं, आणि ती सूज वेळेत दाबली नाही तर आतली कूर्चा आणि हाड कुरतडलं जातं, बोटं वाकडी होतात ती परत सरळ होत नाहीत. ते नुसत्या शांत मनानं थांबत नाही, त्याला औषधच लागतं.

आमवातच आहे का हे कसं ओळखायचं ते थोडक्यात. वयामुळं गुडघे झिजतात तो वेगळा प्रकार, त्यात चाललं की दुखतं, बसलं की बरं वाटतं. आमवातात उलटं, आराम केल्यावर आखडतं. बोटांची मधली आणि मुळाशी असलेली पेरं, मनगटं, पायाच्या बोटांचे सांधे, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखे सुजतात, आणि सकाळी उठल्यावर अर्धा तास, तास, कधी त्याहून जास्त हात उघडत-मिटत नाहीत. असं ६ आठवड्यांच्या वर चाललं असेल तर घरगुती तेलमालीश करत बसू नका, संधिवाताचे तज्ज्ञ म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट गाठा, ते जमत नसेल तर सीपीआरच्या, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्याच्या, मेडिसिन ओपीडीत दाखवून सुरुवात करा. आपल्याकडं पावसाळ्यानंतर चिकनगुनिया होतो त्यातही सांधे महिनोन्‌महिने धरतात, तेव्हा ताप येऊन गेला होता का हे डॉक्टरला आवर्जून सांगायचं. तपासण्या सगळ्या रक्ताच्या: आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी आमवात ओळखायला, ईएसआर आणि सीआरपी अंगात सूज किती आहे ते बघायला. आणि आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणजे सुटलो असं नसतं, काही पेशंटमध्ये तो निगेटिव्हच राहतो.

आता टेन्शननं होतो का?

सरळ उत्तर असं की टेन्शन हे अनेक कारणांपैकी एक आहे, एकटं कारण नाही. २०१८ मध्ये स्वीडनमधला एक मोठा अभ्यास छापून आला, त्यात मोठ्या मानसिक धक्क्यामुळं किंवा तणावामुळं आजारी पडलेल्या १ लाखाच्या वर लोकांची त्यांच्याच सख्ख्या भावंडांशी आणि इतर लोकांशी तुलना केली होती. धक्का बसलेल्यांमध्ये पुढं ऑटोइम्यून आजार, म्हणजे आमवातासारखे आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते ते आजार, होण्याचं प्रमाण वर्षाला हजारी ९ च्या आसपास, आणि बाकीच्यांत ६ ते साडेसहा. म्हणजे फरक आहे, नक्की आहे, पण बघा, धक्का न बसलेल्यांनाही होतोच आणि बसलेल्यांपैकी बहुतेकांना होत नाही. आनुवंशिकतेचंही तसंच, अगदी एकसारख्या जुळ्या बहिणी घेतल्या आणि एकीला आमवात झाला तर दुसरीलाही होण्याचं प्रमाण १०० त साधारण १५. बिडी-सिगारेटनं धोका वाढतो हे पक्कं सिद्ध झालंय. बायकांत पुरुषांच्या २ ते ३ पट दिसतो.

आक्काचं घर २०१९ च्या पुरात पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर चिखल काढणं, भिजलेलं धान्य फेकणं, म्हशींची सोय, पंचनामे, सगळं तिनं केलं, आणि दिवाळीनंतर बोटं सुजायला लागली. लोक म्हणतात पुरानंच झालं. मला विचाराल तर असं एका माणसाबद्दल कुणीच ठामपणे म्हणू शकत नाही, कदाचित आधीच रक्तात सुरू झालं असेल, अँटी-सीसीपी तर काही लोकांत दुखायला लागायच्या कित्येक वर्षं आधी पॉझिटिव्ह असतं. पण झालेल्या आजारावर टेन्शनचा काय परिणाम होतो हा प्रश्न वेगळा आहे आणि तिथं आपल्या हातात बरंच काही आहे. तेव्हा "का झालं" हे खोदत बसण्यापेक्षा "कशानं वाढतंय" तिकडं लक्ष द्या.

आत होतं काय तर टेन्शन आलं की अॅड्रेनॅलिन आणि कॉर्टिसॉल सुटतं. कॉर्टिसॉल खरं तर सूज दाबणारं आहे, स्टेरॉइडची गोळी म्हणजे त्याचाच भाऊबंद. पण टेन्शन रोजचंच झालं की शरीर त्या कॉर्टिसॉलला दाद देईनासं होतं आणि सूज वाढवणारी रसायनं, आयएल-६ वगैरे, मोकाट सुटतात. त्यात झोप उडते आणि झोप कमी झाली की तेवढीच सूज असली तरी दुखणं जास्त जाणवतं. शिवाय गडबडीत गोळी राहते. म्हणजे टेन्शन तीन दारांनी आत येतं: सूज, झोप आणि चुकलेली गोळी. तिन्हीकडं बघावं लागतं.

पहिलं काम: मूठ किती वाजता वळली ते लिहा

टेन्शन मोजता येत नाही असं लोक म्हणतात, पण आमवातात एक गोष्ट घरच्या घरी मोजता येते आणि ती म्हणजे सकाळचं आखडणं. उठल्यावर दोन्ही मुठी वळायचा प्रयत्न करायचा आणि पूर्ण मूठ, म्हणजे बोटांची टोकं तळव्याला टेकतील अशी, किती वाजता वळली ते लिहून ठेवायचं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहितो त्याच चौकटीत लिहिलं तरी चालतंय. आक्काच्या कालनिर्णयवर "५॥ उठले, ७ मूठ" असं लिहिलेलं असतंय, त्याच्याखाली झोप चांगली, बरी का वाईट, आणि त्या दिवशी काही झालं असेल तर एक शब्द: भांडण, लग्न, बँक, पाऊस. बास. वही घालून पानं भरायला सांगितलं तर कुणी करत नाही.

महिन्याभरानं हे चौकोन एकत्र बघा. मागं-पुढं दोन-तीन दिवस धरून बघायचं, कारण परिणाम त्याच दिवशी दिसेलच असं नाही. आपल्याला वाटतं मोठ्या प्रसंगांनी दुखणं वाढत असेल, पण लिहिल्यावर वेगळंच निघतं, आक्काच्या बाबतीत लग्नकार्यानंतर फारसं काही नव्हतं आणि घरातल्या धुसफुशीनंतर मात्र मूठ वळायची वेळ दरवेळी पुढं जायची. अमेरिकेत अॅरिझोनामध्ये अॅलेक्स झॉट्रा म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांच्या गटानं आमवात असलेल्या बायकांचा आठवड्या-आठवड्यानं असा अभ्यास केला, त्यातही जवळच्या माणसांशी खटके उडाले त्या आठवड्यात आजार जास्त सळसळलेला दिसला, आणि ज्यांना नवऱ्याचा चांगला आधार होता त्यांच्यात ती वाढ तशी दिसली नाही. हे वाचल्यावर माझं मत पक्कं झालं की आमवातातलं टेन्शन कमी करणं हे पेशंटचं एकटीचं काम नाही, घराचं काम आहे.

सकाळचा तास

आता मुद्द्याची गोष्ट. या आजारात आयएल-६ रात्री चढत जातं आणि पहाटेच्या सुमारास सगळ्यात वर असतं, म्हणून सकाळी सांधे आखडतात. आणि आपल्या घरात बाईकडून सगळ्यात जास्त कामं कधी मागितली जातात? त्याच तासाला. पाच-साडेपाचला उठायचं, धार काढायची, डेअरीची वेळ गाठायची, पाणी येऊन जायच्या आत भरून घ्यायचं, पोरांचे डबे, मालकांची न्याहारी, भाकऱ्या. बोटं वळत नाहीत तोवर हे सगळं उरकायचं, नाही उरकलं की बोलणी, बोलणी बसली की टेन्शन, आणि टेन्शननं परत दुसऱ्या दिवशी आखडणं. प्राणायाम सांगायच्या आधी हा तास मोकळा करा, नाहीतर प्राणायाम कुठं करायचा तिनं, चुलीपुढं?

कसं करायचं ते सांगतो. सकाळच्या कामांची यादी घ्या आणि प्रत्येक कामापुढं लिहा की हे बोटांच्या जोरावर होतंय का. धार काढणं, पिळणं, मळणं, थापणं, घट्ट झाकण उघडणं, कळशी उचलणं, ही सगळी बोटांची आणि मनगटाची कामं. ही कामं मूठ वळायच्या आधी करायची नाहीत, एवढा एकच नियम. मग त्यातलं काय रात्रीवर ढकलता येतं, काय दुसऱ्याकडं देता येतं आणि काय उशिरा केलं तर कुणाचं काही बिघडत नाही ते बघायचं. भाजी रात्री चिरून ठेवता येते, पाणी रात्री छोट्या भांड्यांत भरून ठेवता येतं, कपडे अकराला धुतले तर आभाळ कोसळत नाही. धार मात्र पुढं ढकलता येत नाही, म्हैस थांबत नाही, ती दुसऱ्यानंच काढायला पाहिजे. आक्काच्या घरी आता दाजी काढतात. सुरुवातीला म्हैस त्यांना उभं राहू देईना, मग काही दिवस आक्का नुसती शेजारी उभी राहून पाठीवर हात फिरवायची आणि दाजी धार काढायचे, असं करत लागली सवय. ज्यांच्याकडं जनावरं जास्त आहेत त्यांनी धार काढायच्या मशीनचा विचार करावा.

भाकरीचं म्हणाल तर थापणं हे सुजलेल्या पेरांना फार वाईट. पिठाची उकड काढून घेतली की भाकरी चक्क लाटता येते, तुटत नाही, आणि मळताना बोटं न रुतवता तळव्याच्या टाचेनं मळायचं. कपडे पिळायचे नाहीत, नळाला किंवा दोरीला अडकवून निथळू द्यायचे. कळशी एका हातानं न उचलता छोटं भांडं दोन्ही हातांनी, शरीराजवळ धरून. पिशवी बोटांत न अडकवता कोपरावर किंवा खांद्यावर. पायाची बोटं सुजत असतील तर कडक तळाची चप्पल नको, कोल्हापुरात राहून कोल्हापुरी चप्पल घालू नका म्हणणं मला जड जातंय पण अंगठा आवळून चालावं लागतं त्यानं पायाचे सांधे अजून दुखतात, मऊ तळाचं आणि मागून पट्टा असलेलं घ्या.

उठल्याबरोबर अंथरुणातच हात-पाय हळूहळू उघडा-मिटा, मग कोमट पाण्याच्या पातेल्यात दहाएक मिनिटं दोन्ही हात बुडवून बोटं हलवा. सांधा लाल, गरम आणि टम्म असेल तर मात्र शेक नको, कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ. तोवर चहा दुसऱ्या कुणीतरी करावा. घरातल्या पुरुषांना आणि कॉलेजातल्या पोरा-पोरींना मी हात जोडून सांगतो, सकाळचा एक चहा आणि दोन डबे करणं हे या आजारात खरोखर उपचारासारखं काम करतंय.

हे घरात सांगायचं कसं हाही प्रश्न असतो कारण सूज कधी दिसते कधी नाही आणि "काल तर बरी होतीस की" हे ठरलेलं. "मला बरं नाही", "माझ्याच्यानं होत नाही" असं मोघम बोललं की समोरच्याला आळस वाटतो. त्यापेक्षा सासूला वेळेसकट सांगायचं: "आत्ती, सकाळी सातपर्यंत माझी मूठ वळत नाही, त्यात जोर लावला तर सांधा कायमचा बिघडंल असं डॉक्टर म्हणालेत, आठनंतर भाकऱ्या मी करते, तोवर चहाचं तेवढं बघाल?" सासूबाईंना एकदा डॉक्टरकडं बरोबर न्या, हे मी फार मनापासून सांगतोय. डॉक्टरनं एक्स-रेवर बोट ठेवून दाखवलं की घरातलं निम्मं वातावरण तिथंच निवळतं. आणि घरच्यांनी एक पाळायचं, "टेन्शन घेतीस म्हणून झालं" हे वाक्य बंद. त्याच्या जागी "आज मूठ किती वाजता वळली?" असं विचारा.

झोप, श्वास, चालणं, लिहिणं

झोपेसाठी सगळ्यात आधी गोळ्यांची वेळ बघा. प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडची गोळी, चालू असेल तर ते साधारणपणे सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात, संध्याकाळी उशिरा घेतलं की कित्येकांची झोप उडते आणि आपण म्हणतो टेन्शननं झोप येईना. दुखण्यानं रात्री जाग येत असेल तर ते डॉक्टरला सांगायचं, सहन करायचं नाही. उशीखाली उशी घेऊन मान वाकवून झोपू नका, गुडघ्याखाली कायम उशीही नको, गुडघा तसाच वाकलेला आखडतो.

श्वासाचं अगदी साधं ठेवा. ४ मोजेपर्यंत आत, ६ मोजेपर्यंत बाहेर, पाच-दहा मिनिटं, बसून किंवा पडून. कपालभाती, भस्त्रिका असलं जोराचं काही लागत नाही. योगाबद्दल दिल्लीच्या एम्समध्ये ७२ आमवाताच्या पेशंटवर ८ आठवड्यांचा अभ्यास झाला होता, २०१९ मध्ये छापून आला, त्यात औषधाबरोबर योग करणाऱ्यांची आजाराची तीव्रता आणि उदासी नुसतं औषध घेणाऱ्यांपेक्षा जास्त उतरली. दोन्ही गटांचं औषध चालूच होतं हे लक्षात घ्या. आणि आसनं करताना मनगटावर वजन येणारी नकोत, सुजलेल्या गुडघ्यानं वज्रासन नको, आणि शीर्षासन, सर्वांगासन तर अजिबात नको कारण या आजारात मानेचे वरचे मणकेही कमजोर होऊ शकतात. शिकवणाऱ्याला पहिल्याच दिवशी आजाराचं नाव सांगा.

चालायला रंकाळ्यावर पहाटे जायची आपल्याकडं पद्धत, पण आमवातवाल्यांनी ती सोडावी आणि संध्याकाळी जावं, तेव्हा अंग मोकळं झालेलं असतं. दम लागेपर्यंत नाही, बोलत बोलत चालता येईल इतपत. दुसऱ्या दिवशी मूठ उशिरा वळली तर चालणं थोडं कमी करा, नेहमीच्याच वेळी वळत राहिली तर हळूहळू वाढवा. बरोबर मैत्रीण असेल तर उत्तम. हसण्याचासुद्धा परिणाम मोजलेला आहे, १९९६ मध्ये जपानी डॉक्टरांनी आमवाताच्या पेशंटना तासभर तिकडचा विनोदी कथाकथनाचा कार्यक्रम ऐकवला आणि आधी-नंतर रक्त तपासलं तर आयएल-६ खाली आलेलं होतं. तात्पुरतंच ते, पण रात्री मालिकांमधली रडारड बघायची का दुसरं काही हे तेवढ्यावरून ठरवता येतंय.

आणि जे कुणाला बोलता येत नाही ते लिहून काढा. १९९९ मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला, दम्याच्या आणि आमवाताच्या पेशंटना लागोपाठ ३ दिवस रोज २० मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात त्रासदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं, आणि ४ महिन्यांनी आमवातवाल्यांची आजाराची तीव्रता सरासरी २८ टक्क्यांनी उतरलेली डॉक्टरांना दिसली, साध्या विषयावर लिहिणाऱ्यांत तसा फरक नव्हता. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत एवढा मोठा फायदा दिसला नाही, तरी पैसे लागत नाहीत, करून बघायला हरकत नाही. बोटांनी पेन धरवत नसेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करा, ऐकायचं कुणीच नाही, नंतर डिलीट केलं तरी चालतंय. लिहिताना फारच उन्मळून येत असेल तर मात्र एकट्यानं रेटू नका.

गोळ्या आणि टेन्शनचे आठवडे

आमवातात बहुतेकांना मेथोट्रेक्सेट नावाचं औषध असतं आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. एकदाच. गडबडीत कुणी ते रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात, जिवावर बेततं. म्हणून वार ठरवा, कालनिर्णयवर त्या वाराला गोल करा, घेतल्यावर टिक करा, आणि फॉलिक अॅसिड कुठल्या दिवशी तेही तिथंच लिहा. यात्रेचं, लग्नाचं, पोराच्या बारावीचं अशा आठवड्यांत गोळी हमखास राहते किंवा आठवत नाही म्हणून परत घेतली जाते, त्या आठवड्यांपुरती गोळ्यांची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या माणसानं घ्यावी. रक्त-लिव्हरची तपासणी सांगितलेल्या तारखेला करायचीच. दिवस राहण्याचा विचार असेल तर आधी डॉक्टरशी बोला, मेथोट्रेक्सेट गरोदरपणात चालत नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हे आमवाताचं दुसरं औषध चालू असेल तर डोळे तपासून घ्यायचे. या औषधांचा गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात, हे सुरुवातीलाच माहीत असलं तर तिसऱ्या आठवड्यात "काही फरक नाही" म्हणून जी घालमेल होते ती होत नाही. खर्चाचं टेन्शन असेल तर तेही स्पष्ट बोला आणि जनऔषधी दुकानात त्याच औषधाची गोळी आहे का विचारा.

गावोगावी "आठ दिवसांत वात मोडतो" म्हणून बिननावाच्या पुड्या मिळतात. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, म्हणूनच दोन दिवसांत नाचायला लागतो माणूस, आणि नंतर साखर वाढते, तोंड सुजतं, हाडं ठिसूळ होतात. आणि अशी पुडी महिनोन्‌महिने घेऊन एकदम सोडली तरी धोका असतो, डॉक्टरला सांगून उतरवत आणायची. डॉक्टर रागावतील म्हणून लपवू नका.

नवरात्रात आपल्याकडं नऊ दिवस उपवास आणि अनवाणी, अंबाबाईवर श्रद्धा आहे म्हणून करतात, मी कोण नको म्हणणार, पण सुजलेल्या पावलांनी डांबरी रस्त्यावर अनवाणी आणि रिकाम्या पोटी पेनकिलर हे दोन्ही टाळाच, आणि आठवड्याची गोळी उपवासासाठी चुकवू नका. ज्यांचा उपवास आहे त्यांनी आधी डॉक्टरला विचारून वेळा ठरवून घ्याव्यात.

डॉक्टरला टेन्शनबद्दल सांगायचंच

हे फार कमी लोक करतात आणि त्यामागं एक तांत्रिक कारण आहे ते समजून घ्या. आजार किती चढलाय हे मोजायला डॉक्टर डीएएस-२८ नावाचा आकडा काढतात. त्यात २८ सांधे दाबून बघतात, किती सुजलेत, किती दुखतात, त्यात ईएसआर किंवा सीआरपी, आणि चौथी गोष्ट म्हणजे पेशंटला स्वतःला एकूण कसं वाटतंय. आता टेन्शनमध्ये, झोप नसताना, दुखणारे सांधे जास्त वाटतात आणि "कसं वाटतंय" याचं उत्तरही वाईटच येतं, पण सूज आणि सीआरपी तेवढं वाढलेलं असेलच असं नाही. म्हणजे आकडा वाढतो आणि डॉक्टरला घरातलं काही माहीत नसलं तर गोळ्यांचा डोस वाढू शकतो, जिथं खरं तर झोपेवर आणि मनावर इलाज पाहिजे होता. उलटही होतं, खरोखर सूज वाढलेली असते आणि घरचे "टेन्शन आहे तिला" म्हणून दोन महिने डॉक्टरकडंच नेत नाहीत. हे दुसरं जास्त वाईट. घरी फरक ओळखायचा तर सांधा बघा आणि हात लावून बघा, फुगीर, गरम, आणि मूठ वळायची वेळ आठवडाभर पुढंच सरकत असेल तर ते नुसतं टेन्शन नाही, तारीख यायची वाट न बघता फोन करा. फक्त सगळं अंग दुखतंय, थकवा, झोप नाही, पण सांधे फुगलेले नाहीत, तर तसंही डॉक्टरला सांगा.

जाताना कालनिर्णयचं पान फाडून किंवा फोटो काढून न्या. आत गेल्यावर आपण सगळं विसरतो, आणि बाहेर गर्दी असते त्यामुळं पाच मिनिटांत आटोपतं, म्हणून पहिलं वाक्य ठरवून जा: "गेल्या महिन्यात मूठ सातला वळायची, आता साडेआठ होतात, आणि घरात असं असं झालंय."

आमवाताच्या पेशंटमध्ये साधारण ६ पैकी १ जणाला डॉक्टरी निकषांनुसार डिप्रेशन असतं, तेव्हा दोन आठवडे सलग उदास वाटणं, कशात मन न लागणं, रडू येणं, जगण्याचा कंटाळा, असं असेल तर ते आजाराचाच भाग समजून सांगायचं. मानसोपचारतज्ज्ञाकडं गेलं म्हणजे वेडं झालं असं नाही. लगेच कुणाशी बोलायचं असेल तर सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

शेवटी काही गोष्टी अशा की त्यात टेन्शन का आजार असा विचारच करायचा नाही. एकच सांधा अचानक लालभडक, गरम आणि ताप, मेथोट्रेक्सेट किंवा आमवाताची इंजेक्शनं चालू असताना थंडी वाजून ताप, तोंडात खूप फोड, कोरडा खोकला आणि दम लागणं, छातीत दुखणं, डोळा लाल होऊन ठणकणं, हातापायांना मुंग्या येऊन जोर कमी होणं. यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, आणि चालू असलेल्या गोळ्यांची नावं, डोस आणि मेथोट्रेक्सेटचा वार लिहिलेली चिठ्ठी पेशंटच्या पर्समध्ये आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाईलमध्ये कायम ठेवा, कारण रात्री कॅज्युअल्टीत पहिला प्रश्न तोच विचारतात.